‘कुठला फॉन्ट टाकू?’

दिवाळी अंक हातात आला की लोक अनुक्रमणिका उघडतात. मी आधी जाहिराती बघतो. पतसंस्था, सराफ, बिल्डर, चिवडेवाले, नगरसेवक आणि शेवटी ‘एक हितचिंतक’. मजकूर सगळ्यांचा तोच : ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’. अक्षर मात्र प्रत्येकाचं निराळं. अक्षराची परीक्षा घ्यायला हे तीन शब्द फार बेरकी आहेत. ‘हार्दिक’मध्ये पहिल्या वेलांटीची कमान आणि रफार एकाच ‘द’च्या डोक्यावर येतात. टाइप नीट बेतलेला असेल तर रफार कमानीच्या कडेला सुखाने बसतो. नसेल तर दोघांची झटापट होऊन वर शाईचा गोळा उरतो. ‘शुभेच्छा’तला ‘च्छ’ कुणी जवळ घेतो, कुणी मध्ये अशी फट ठेवतो की ‘च’ आणि ‘छ’ यांचं भांडण झालंय की काय असं वाटावं. आणि ‘भ’च्या डोक्यावरची फट भरून गेली की सराफ आपल्याला ‘शुमेच्छा’ देतात.

या जाहिराती कुठे जुळवल्या जातात ते ठाऊक असेल तर नवल वाटत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास किंवा तालुक्याच्या कुठल्याही गावी डीटीपीच्या दुकानात तासभर बसा. ऑपरेटर मजकूर टाइप करतो, मान न वळवता विचारतो, ‘साहेब, कुठला फॉन्ट टाकू?’ गिऱ्हाईक म्हणतं, ‘टाका हो तुम्हाला बरा वाटेल तो. जरा ठसठशीत असू द्या.’ काम पत्रिकेचं असो, कार्यअहवालाचं असो की श्रद्धांजलीचं, उत्तर हेच. मग ऑपरेटर आपल्या हाताला सवयीचे तीन-चार फॉन्ट असतात त्यांतला एक टाकतो आणि सगळे खूश होतात.

पुस्तकांची मांडणी हाच माझा धंदा असल्यामुळे मला आवडीनिवडी आहेत, आणि त्या जरा हट्टीपणानेच मी जपतो. पण आवड म्हणजे शेवटी डोळ्याला लागलेली सवय, आणि सवय कुणीतरी लावलेली असते. मराठी वाचकाच्या डोळ्याला ती बहुतेक वेळा छापखान्याच्या सोयीने लावली. ज्या कामाला ती सोय कधी गरजेचीच नव्हती, तिथेही आपण ती अजून वागवतो, हे माझं म्हणणं.

पहिल्यांदा तर निवडच नव्हती. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं ते रोमी लिपीत, कारण नागरीचे खिळे पाडण्याची सोय नव्हती. अस्सल मराठी ओव्या, आणि अक्षर परकं. पुढे १८०५ मध्ये विल्यम केरीचं मराठी व्याकरण श्रीरामपूरला देवनागरीत निघालं, तेही बंगालमध्ये पाडलेल्या खिळ्यांनी. इकडे मराठी माणूस रोजचा व्यवहार मोडीत करत होता. छापखाना आला आणि पुस्तकाला बाळबोध लागली. चोपडीतली धावती मोडी हाताकडेच राहिली. आपला छापील टाइप पोथीच्या कुळातला आहे, हिशेबाच्या वहीच्या कुळातला नाही. त्याचा उभा, थांबलेला, सोवळा भाव तिथून आलेला आहे.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर सुरुवात केली, पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून धर्मग्रंथ छापायला लोक कचरत, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली, असं सांगतात. पण आपल्या डोळ्याला खरं वळण लावलं ते जावजी दादाजी चौधरी यांनी. अमेरिकन मिशन प्रेसमध्ये पोरवयात कामाला लागलेला हा माणूस तिथे टाइप पाडण्याची कला शिकला, १८६४ साली त्याने स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. साचे कोरायला राणोजी रावजी आरू यांच्यासारखा हात त्यांना मिळाला. काळबादेवीच्या कोलभाट लेनमधून निघालेली संस्कृत आणि मराठी पुस्तकं अजूनही जुन्या बाजारात, वाड्यांच्या माळ्यांवर सापडतात. पानं बिस्किटासारखी मोडतात, पण अक्षर बघा. शिरोरेषा एका दमात ओढल्यासारखी सलग. अक्षराचं पोट मोठं, म्हणून ‘ष’ आणि ‘घ’ बुजत नाहीत. बोरूच्या तिरक्या कापाने जाड-बारीक रेघ जिथे यायला हवी तिथेच येते. ‘द्ध’, ‘ह्म’, ‘ट्ट’, ‘क्त’ ही जोडाक्षरं एकावर एक बसलेली, कुठे ओढाताण नाही. ‘द्ध’मधला खालचा ‘ध’ इतका लहान असूनही त्याचा गळा उघडा ठेवलेला असतो. धातूत, उलट्या बाजूने, भिंगाखाली हे कोरणाऱ्या माणसाची नजर काय असेल!

हे करायला खिळे किती लागत याची कल्पना आता येणार नाही. इंग्रजी जुळाऱ्याचं भागायचं शंभर-सव्वाशे खिळ्यांत. मराठी जुळाऱ्यापुढे कित्येक शे घरांच्या केसा उभ्या असत. काना, मात्रा, उकार वेगळे लावायचे की अक्षरासकट अखंड पाडायचे, याच्याही पद्धती होत्या. मात्रा वेगळ्या लावायचा डिग्री टाइप स्वस्त पडे, पण त्या मोडून पडत आणि ओळ छापताना ‘के’चा ‘क’ होई. म्हणून टिळकांपासून सगळे खिळे कमी करण्याच्या मागे लागले. सावरकरांनी ‘अि, अी, अु, अू’ लिहा म्हटलं त्यामागेही हाच व्यवहार होता. नंतर लायनोटाइप आणि मोनोटाइपची यंत्रं आली, त्यांच्या कळफलकात आणि साच्यांत आपली सगळी जोडाक्षरं मावेनात. मग ‘द’चा पाय मोडायचा, अर्धं अक्षर शेजारी ठेवायचं, मात्रेचा झोक तोडायचा. वाचकांनी कुरकुर केली असेल, पण दहा वर्षांत डोळे रुळले. बापूराव नाईक यांनी ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या १९७१ च्या त्रिखंडी ग्रंथात हा सगळा खटाटोप नोंदवून ठेवला आहे. अक्षराच्या धंद्यातल्या माणसाने तो एकदा तरी चाळावा.

संगणकावर ही अडचण संपली. हजार अक्षररूपं एका फाइलमध्ये बसतात. पण तोवर पाय मोडलेलं जोडाक्षर ‘आधुनिक’ आणि एकावर एक बसलेलं ‘जुनाट’ असा समज पक्का झाला होता. त्यात नव्वदच्या दशकात श्रीलिपी, आयएसएम, आकृती अशा प्रणाली आल्या, प्रत्येकीची सांकेतिक मांडणी वेगळी. एका प्रणालीत टाइप केलेला मजकूर दुसरीत नेला की ‘महाराष्ट्र’चं भलतंच काहीतरी होई. ज्या प्रकाशकाने जी प्रणाली घेतली तिचा फॉन्ट त्याच्या पुस्तकांचा झाला, आणि तो तसा वर्षानुवर्षं राहिला. आज मराठी कादंबऱ्यांचं जे ठरावीक ‘दिसणं’ आहे ते अशा खरेदीतून आलेलं आहे.

कादंबरीला मी काय निवडतो ते सांगतो. निर्णयसागरच्या जातीचं, पोटाला मोठं, जाड-बारीक रेघेचं अक्षर. आणि फॉन्ट घेण्याआधी सुंदर शब्द लिहून बघत नाही, अवघड शब्द लिहून बघतो. उद्ध्वस्त, द्व्यर्थी, राष्ट्र, हृदय, शृंगार, क्रूर, कुऱ्हाड, तऱ्हा. यांत जो तरतो तो पुढच्या फेरीत. आधी ‘कुऱ्हाड’ बघतो, कारण तिथे निम्मे फॉन्ट गळतात. मराठीला आडवा, चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ लागतो. तो फॉन्टमध्ये नसेल किंवा मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना हरवला, तर ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो आणि आचाऱ्यांना दिलेला पगार आचार्यांना मिळतो.

दुसरी कसोटी ‘ल’ आणि ‘श’. हिंदीच्या वळणाचा, उजवीकडे उभा दंड असलेला ‘ल’ मराठी पुस्तकात मला खुपतो. आपला ‘ल’ दोन पाकळ्यांचा. मधल्या काळात प्रमाणीकरणाच्या नावाखाली सरकारी मराठीतही हिंदीचा ‘ल’ आणि ‘श’ आले होते. २००९ च्या शासननिर्णयाने मराठीची वळणं पुन्हा मान्य केली. गंमत म्हणजे ‘अ’, ‘झ’, ‘ण’ यांच्या बाबतीत उलटं झालं : हिंदीवाल्यांनी स्वतःची जुनी रूपं सोडून मुंबईच्या टाइपाची घेतली. आताच्या चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, फक्त मजकुराची भाषा ‘मराठी’ आहे असं यंत्राला सांगावं लागतं. ते सांगायचा आळस केला की पाकळ्यांचा ‘ल’ पेटीत असूनही पेटीतच राहतो.

सध्या माझ्या हाताशी असलेला त्या जातीचा फॉन्ट म्हणजे टिरो देवनागरी मराठी. फियोना रॉस आणि जॉन हडसन यांनी भारतीय अभिजात ग्रंथांच्या मूर्ती ग्रंथमालेसाठी केलेल्या कामातून तो पुढे आला, आणि हिंदी, संस्कृत व मराठी अशा तिघींसाठी त्याच्या वेगळ्या आवृत्त्या निघाल्या. मराठी अक्षर परदेशी माणसांनी घडवावं याचं काहींना वाईट वाटतं. मला नाही. ‘उद्ध्वस्त’ नीट उभा राहतो ना, मग झालं. त्याची एक खोड आहे : स्वस्त, पातळ कागदावर त्याच्या बारीक रेघा उडतात. पेपरबॅकला मग मी सरळ दुसरा, एकसारख्या जाडीचा फॉन्ट घेतो.

आणि एक सांगतो, जे फॉन्टहून महत्त्वाचं आहे. नागरी अक्षराला तळघर आणि माळा दोन्ही असतात. खाली उकार, वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. चौदा पॉइंटचं नागरी अक्षर प्रत्यक्षात इंग्रजी दहाएवढंच दिसतं, कारण मधल्या मजल्याला जागाच उरत नाही. म्हणून चौदावर वीस-एकवीस पॉइंटची ओळ हवी. प्रकाशक पानं वाचवायला ओळी दाबतो, मग वरच्या ओळीतला ‘कू’ खालच्या ओळीतल्या ‘र्की’वर उतरतो आणि वाचक म्हणतो, ‘फॉन्ट काही बरा नाही.’ फॉन्टचा दोष नसतो तो.

वर्तमानपत्राला हे सगळे लाड परवडत नाहीत. रकाना अरुंद, कागद शाई पिणारा, वाचक घाईत. तिथे आटोपशीर रुंदीचा, एकसारख्या रेघेचा टाइपच शोभतो, आणि पाय मोडलेली जोडाक्षरंही मी तिथे मुकाट खपवून घेतो. मथळ्यात मात्र जाडपणाची चढाओढ झाली आहे. जाड केलेल्या अक्षरात ‘ध’ आणि ‘घ’ यांत फरक राहत नाही. धरणातलं पाणी घरणात जातं.

पाटीचा न्याय वेगळा. पाटी वाचायची नसते, ओळखायची असते, आणि तीही बसमधून, पावसात, लांबून. एसटीच्या जुन्या लाकडी पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांनी याचं शास्त्र कुठेही न शिकता आत्मसात केलं होतं : चपट्या ब्रशची एकसारखी जाडी, अक्षरांत मोकळी जागा, वेलांट्या आखूड, आणि ‘भ’ची फट ठळक. ‘भोर’ आणि ‘मोर’ यांत गल्लत होऊन चालणार नव्हतं. त्यांच्यापुढे आताच्या दिव्यांच्या ठिपक्यांच्या पाट्या गरीब वाटतात. उंचीला ठिपके मोजकेच. त्यांतले वरचे वेलांटीला, खालचे उकाराला गेले की खुद्द अक्षराला उरतं ते भागवाभागवीचं. अशा पाटीसाठी अक्षर खास बेतायला हवं, छापाचं अक्षर ठिपक्यांत उतरवून भागत नाही.

दुकानांच्या पाट्यांबाबत २०२२ साली राज्याने कायदा दुरुस्त केला : मराठी देवनागरी अक्षर आधी, आणि इतर लिपीपेक्षा लहान नको. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. मग मुंबईत, ठाण्यात पाट्यावाल्यांची चंगळ झाली. त्या काळात लागलेल्या पाट्या मी मुद्दाम बघत फिरलो. इंग्रजी नाव जिथे खास घडवलेल्या अक्षरात होतं, तिथे मराठीला संगणकात जो पहिला सापडला तो फॉन्ट, ताणून इंग्रजीच्या रुंदीचा केलेला. कायदा आकार मोजतो. काना जाड आणि शिरोरेषा बारीक झाली, हे मोजायची त्याला सोय नाही. ज्यांनी ‘बालू’ किंवा ‘मुक्ता’सारखा मुळातच अनेक लिपींसाठी एकत्र घडवलेला फॉन्ट घेतला, त्यांच्या पाट्या मात्र एका हाताच्या वाटल्या. मुंबईच्या एक टाइप या चमूने केलेले हे फॉन्ट फुकट मिळतात, म्हणजे पैशांचीही सबब नाही. बालू मला मिठाईच्या, खेळण्यांच्या, चपलांच्या दुकानावर आवडतो. गोल, गुबगुबीत, हसरा. वकिलाच्या दारावर तोच पाहिला तेव्हा अशील बाहेरूनच परत जाईल असं वाटलं.

नाटकाच्या नावाला तर मी फॉन्ट वापरूच नये अशा मताचा आहे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींत प्रत्येक नावासाठी अक्षर नव्याने काढलं. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ची अक्षरं एका घराण्याची, फार्सची अक्षरं भलतीच. एकदा काढलेलं वळण त्या नाटकाचं झालं, दुसऱ्याला उसनं दिलं नाही. आता ब्रशच्या फटकाऱ्याचे तयार फॉन्ट मिळतात, आणि ऐतिहासिक सिनेमा, व्यायामशाळा, मिसळीचं हॉटेल आणि भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, चौघांच्या अंगात एकच आवेश संचारतो. ‘मिसळ’ हा शब्द इतक्या त्वेषाने लिहायची गरज नसते.

लग्नपत्रिकेबद्दल बोलू नये. तिथे वराचं नाव वाचता आलं नाही तरी चालतं. ते वाचणाऱ्याला आधीच माहीत असतं. फक्त मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता साध्या अक्षरात छापा, एवढीच विनंती.

पडद्यावरच्या अक्षराची गोष्ट थोडी सावकाश सांगण्यासारखी आहे, कारण तिथे एका कवीचा हात लागला. र. कृ. जोशी जाहिरातीत होते, आयआयटीत शिकवत होते, अक्षरांची चित्रं करणारे कवी म्हणून लघुनियतकालिकांच्या पिढीला ठाऊक होते. विंडोज २००० बरोबर जगभर गेलेला ‘मंगल’ त्यांचा. त्यांची सुलेखनं पाहिली की तो माणूस अक्षराला किती नाचवू शकत होता हे कळतं. ‘मंगल’मध्ये त्यांनी तो सगळा नाच आवरला, कारण तेव्हाच्या पडद्यावर मोजक्या ठिपक्यांत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ओळखू यायला हवे होते. आपल्या कामाला तो चोख होता. मात्र संगणकात मराठी लिहिलं की तोच उमटे म्हणून सरकारी परिपत्रकं, प्रबंध, गृहनिर्माण संस्थांच्या नोटिसा आणि शेवटी कवितासंग्रहसुद्धा त्यात छापले गेले. पडद्यासाठी आखलेलं अक्षर कागदावर विरळ आणि उदास दिसतं. ही ‘मंगल’ची चूक नव्हे, आपण ‘कुठला फॉन्ट’ हा प्रश्नच विचारला नाही. मोबाइलवर वाचायला मी स्वतः ‘मुक्ता’ घेतो, नेहमीच्या जाडीत. कवितेला घेत नाही. कवितेत कोरी जागा जास्त असते, एकसारख्या रेघेचं अक्षर तिथे फार लवकर संपतं.

लहान मुलांच्या पुस्तकात मी माझी आवड बाजूला ठेवतो. मूल जे अक्षर गिरवणार तेच त्याला दिसायला हवं. पाटीवर पाकळ्यांचा ‘ल’ आणि पुस्तकात दंडाचा, असा खेळ नको. बालभारतीच्या पुस्तकांत ‘विद्‌यार्थी’ असा पाय मोडलेला ‘द’ येतो, त्यावर भाषाप्रेमी चिडतात. पहिली-दुसरीपुरतं मला ते पटतं. घटक सुटे दिसले की पोराला वाचन सोपं जातं. पाचवीनंतर मात्र ‘द्य’ त्याच्या डोळ्याला भेटलाच पाहिजे, नाहीतर त्याला वडिलांचं पुस्तक वाचता येणार नाही.

आकड्यांकडे कुणी बघत नाही, म्हणून मी बघतो. मराठी ५, ८ आणि ९ यांची वळणं हिंदीहून वेगळी आहेत, आणि पुष्कळ फॉन्टमध्ये ती मिळतच नाहीत. १९७३ पासून घराघरात टांगलेल्या ‘कालनिर्णय’चे भले मोठे नागरी आकडे बघत वाढलेल्या पिढीला ते चटकन जाणवतं. आजींना चष्म्याशिवाय, ओट्यापासून तारीख दिसते. आकडा कसा असावा याची याहून कडक कसोटी मला माहीत नाही, आणि दिनदर्शिकेचं काम आलं की मी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला भिंतीपासून लांब उभं करून विचारतो.

उरलं एक काम, ज्याला माझ्याकडे अजून मनासारखं अक्षर नाही : तळटीपा आणि शब्दकोश. शिशाच्या काळात लहान आकाराचा टाइप वेगळा कोरला जाई. पोट त्यातल्या त्यात मोठं, रेघ किंचित जाड, मात्रा आखूड. आता आपण चौदाचंच अक्षर दाबून नऊचं करतो. त्यात ‘ष्ट्य’चा ठिपका होतो आणि अनुस्वार कागदाच्या डागात मिसळतो. तळटिपेसाठी मी तूर्त ‘मुक्ता’ एक पायरी जाड करून घेतो, अक्षरांत किंचित हवा सोडतो आणि ओळ तेरा पॉइंटची ठेवतो. मजकुराच्या टाइपाशी ते जुळत नाही, हे मला दिसतं. पण संपादकांना संदर्भाचं पान वाचता येतं, आणि त्यांनी अजून तक्रार केलेली नाही.